बँकेची डिजिटल तयारी नक्की कशावरून ठरवायची?

येऊरवाट

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या एका नागरी सहकारी बँकेत आयटी विभाग सांभाळतो. ठेवी हजार कोटींच्या वर, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत टियर ३. पुढच्या महिन्यात संचालक मंडळापुढे 'डिजिटल तयारी' या विषयावर टिपण ठेवायचं आहे, त्यासाठी हा धागा.

एका सल्लागाराने आम्हाला प्रश्नावली दिली होती. मोबाइल ॲप आहे का, यूपीआय आहे का, व्हॉट्सॲपवर बॅलन्स कळतो का, व्हिडिओ केवायसी, क्लाउड, एआय. प्रत्येक 'होय'ला गुण. आम्हाला बरे गुण मिळाले आणि सगळे खूश झाले. मला मात्र हे मोजमापच पटत नाही.

३१ जुलै २०२४ आठवून बघा. सी-एज टेक्नॉलॉजीज ही टीसीएस आणि स्टेट बँकेची संयुक्त कंपनी, छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवणारी. तिथे रॅन्समवेअर, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, घुसलं. यूपीआयचं जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून तिला आपल्या जाळ्यातून तात्पुरतं बाजूला काढलं आणि सुमारे तीनशे बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय, एटीएम थांबलं. जोडणी दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाली. पण आदल्या दिवशी तीच प्रश्नावली भरली असती, तर या बँकांनीही 'यूपीआय: होय' लिहून गुण घेतलेच असते.

माझं म्हणणं एवढंच की लोकांच्या ठेवींवर चालणाऱ्या, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या संस्थेची तयारी बघायची तर चालू असलेलं बंद पडतं तेव्हा बघावी. कोण उभं करतं, कुठून करतं, किती वेळात करतं, आणि तोवर काउंटरवरचा माणूस ग्राहकाला काय सांगतो. बँकेत, ऑडिटमध्ये, डेटा सेंटरमध्ये असलेल्यांनी आपापलं लिहावं.

नौपाडाकर

चांगला विषय काढलात. मी बँकेतून निवृत्त झालो, पण लेजरपासून कोअर बँकिंगपर्यंतचा (म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकाच मध्यवर्ती यंत्रणेत) सगळा बदल हाताखालून गेला आहे. तुमच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन.

कॉसमॉस बँकेचं प्रकरण मंडळापुढे जरूर ठेवा. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँका बंद. एटीएम स्विचवर, म्हणजे एटीएम आणि बँकेची खाती जोडणाऱ्या यंत्रणेवर, हल्ला करून चोरांनी मध्येच आपला बनावट स्विच बसवला. कार्डावर पैसे आहेत का, हा प्रश्न बँकेच्या कोअर सिस्टिमपर्यंत पोचलाच नाही. मधल्या मध्ये 'आहेत, द्या' असं उत्तर जात राहिलं. २८ देशांतून बनावट कार्डांनी पैसे निघाले. १३ तारखेला स्विफ्टमधून (परदेशी व्यवहारांचे संदेश नेणारं बँकांचं जाळं) हाँगकाँगला आणखी सुमारे चौदा कोटी गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या आसपास. कॉसमॉस काही मागासलेली बँक नव्हती, सहकारी क्षेत्रातल्या मोठ्या आणि जुन्या बँकांपैकी एक. तंत्रज्ञान होतं, सेवा होत्या. सुट्टीच्या दिवशी स्विचकडे कोणाचं लक्ष आहे, या प्रश्नाला तुमच्या त्या प्रश्नावलीत रकाना आहे का?

ट्रान्सहार्बर

थोडं वेगळं मत मांडतो. महापेला एका छोट्या कंपनीत आहे, आम्ही बँकांसाठी कर्ज अर्जाचं सॉफ्टवेअर बनवतो. आमच्या अनुभवात तयारी अडते ती नियमांपाशी. एका एपीआयमध्ये (दोन सॉफ्टवेअर जोडणारा दुवा) दोन फील्ड वाढवायची तरी व्हेंडर रिस्कचा, म्हणजे पुरवठादाराच्या जोखमीचा फॉर्म, मग व्हीएपीटीचा (सुरक्षेतल्या फटी शोधणाऱ्या चाचणीचा) अहवाल, मग बदल मंजुरी समिती, आणि ती महिन्यातून एकदा बसते. प्रत्येक बँकेची प्रश्नावली वेगळी, प्रश्न तेच. आमच्याकडचा एक मुलगा दिवसभर फक्त ही एक्सेल भरतो. २०२५ च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने हजारो जुनी परिपत्रकं एकत्र करून २४४ मास्टर डायरेक्शन (एकत्रित निर्देश) काढली. म्हणजे तोवर किती पसारा होता बघा! एवढ्या पसाऱ्यात बँक नवीन काही करायला धजेल कशी?

नौपाडाकर

@ट्रान्सहार्बर, त्रास खरा आहे, नाकारत नाही. पण प्रत्येक अटीमागे कुठेतरी बुडालेला पैसा आहे. पंजाब नॅशनल बँकेचा २०१८ चा घोटाळा घ्या. स्विफ्टवरून हमीपत्रं जात होती आणि कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंदच नव्हती, कारण दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. जोडून घ्या म्हणून रिझर्व्ह बँकेने मुदत घालून दिली ती त्यानंतर. आज स्विफ्टचं काम करणाऱ्या एखाद्या पोराला ती अट जाच वाटत असेल. वर्षानुवर्षं एका शाखेतून काय जात होतं ते आम्ही बाहेरून बघितलं आहे.

ताळेबंद

वाशीला प्रॅक्टिस आहे, सहकारी बँकांचं आयएस ऑडिट, म्हणजे संगणक यंत्रणांची तपासणी करते. वरच्या वादात एक गोष्ट सुटते आहे.

नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट १९ ऑक्टोबर २०१८ ला आली, कॉसमॉसनंतर दोन महिन्यांनी. मग ३१ डिसेंबर २०१९ ला तिचे चार स्तर केले. त्यातलं तत्त्व मला फार शहाणपणाचं वाटतं: बँक किती मोठी, यापेक्षा ती डिजिटल कामात किती खोल शिरली आहे आणि पेमेंटच्या जाळ्याला कशी जोडलेली आहे, यावर स्तर ठरतो. पहिला स्तर सगळ्यांना. इंटरनेट किंवा मोबाइल बँकिंग सुरू केलंत की वर चढलात. स्वतःचा एटीएम स्विच किंवा स्विफ्ट आलं की आणखी वर. चौथ्या स्तराला चोवीस तास पाळत ठेवणारं सायबर सुरक्षा केंद्र लागतं.

म्हणजे 'होय' लिहिलेल्या प्रत्येक रकान्याबरोबर जबाबदारी वाढते. मी ज्या बँका बघते तिथे ॲपचं उद्घाटन होतं, पेपरात फोटो येतो, आणि आपला स्तर बदलला आहे हे माझ्या ऑडिटमध्ये कळतं. सीआयएसओ (माहिती सुरक्षेचा प्रमुख) म्हणून ज्याचं नाव लिहिलेलं असतं तो आयटी प्रमुखच असतो, म्हणजे ज्याच्या कामावर नजर ठेवायची तोच नजर ठेवणारा. ट्रान्सहार्बर, तुमची फाइल समितीत अडकते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं: कंप्लायन्सवाल्याला, म्हणजे नियमपालन बघणाऱ्याला, ॲप तयार झाल्यावर बोलावतात. पहिल्या बैठकीत बसवला असता तर दोन फील्डसाठी कोणी तुमची अडवणूक केली नसती.

ट्रान्सहार्बर

हे पटलं. पहिल्या बैठकीला कंप्लायन्सचा माणूस असलेली एकच बँक आम्हाला भेटली, आणि तिथलं काम खरोखर सगळ्यांत सुरळीत गेलं. पण महिन्यातून एकदा बसणाऱ्या समितीचं काय? तातडीचा सिक्युरिटी पॅचसुद्धा (सॉफ्टवेअरमधली फट बुजवणारी दुरुस्ती) तिच्यासाठी थांबतो, हे तर सुरक्षेच्याच विरुद्ध झालं.

ताळेबंद

हो, तिथे चूक बँकेचीच. तातडीच्या बदलासाठी वेगळी वाट धोरणात लिहून ठेवता येते: आधी लावा, चोवीस तासांत नोंद आणि मंजुरी घ्या. कोणताही नियम याला आडवा येत नाही. लिहून ठेवायचा कंटाळा आडवा येतो.

रातपाळी

रबाळेच्या एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करतो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या या पट्ट्यात, ऐरोली ते महापे, किती बँकांची यंत्रं उभी आहेत याची बाहेर लोकांना कल्पना नसते.

दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे बॅकअप. रोज रात्री बॅकअप होतो, हिरवा दिवा लागतो, रजिस्टरमध्ये सही होते. तो बॅकअप परत उतरवून बघणाऱ्या बँका फार थोड्या. उतरवताना कळतं की टेप वाचता येते पण एन्क्रिप्शनची किल्ली जुन्या सर्व्हरवरच राहिली आहे, किंवा डेटाबेस आला पण ग्राहकांच्या सह्यांचे फोटो वेगळ्या ठिकाणी होते आणि ते बॅकअपमध्ये कधी नव्हतेच. सही न दिसता शाखेत चेक पास कसा करणार?

दुसरी म्हणजे डीआर, मुख्य यंत्रणा बंद पडली तर चालवायची पर्यायी यंत्रणा, कुठे आहे. मुख्य यंत्रणा नवी मुंबईत आणि डीआर ठाण्यात किंवा अंधेरीत, असं अजूनही सापडतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा खाडीच्या दोन्ही बाजूंचं काय झालं ते इथल्या सगळ्यांना आठवत असेल. भूकंपाच्या नकाशावरही ही सगळी एकाच पट्ट्यातली गावं. डीआर हैदराबाद-बंगळूरकडे नेला की भाडं आणि लाइनचा खर्च वाढतो म्हणून संचालक नको म्हणतात. पण जवळचा डीआर हा डीआरच नव्हे, हे त्यांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

येऊरवाट

@रातपाळी, अगदी नेमकं. डीआरबद्दल आमचा अनुभव लिहितो, कारण टिपणाचा गाभा मी त्यावरच रचतो आहे.

आधी आमच्याकडे डीआर ड्रिल म्हणजे रविवारी दुपारी, डे-एंड (दिवसाचे हिशेब बंद करणं) झाल्यावर, यंत्रणा तिकडे न्यायची, दोन-चार खात्यांचे बॅलन्स बघायचे, स्क्रीनशॉट काढायचे आणि संध्याकाळी परत यायचं. अहवालात 'यशस्वी'. मग आम्ही एक पूर्ण कामाचा दिवस, डे-बिगिनपासून डे-एंडपर्यंत, डीआरवर काढायचं ठरवलं.

कोअर बँकिंग ठरल्या वेळेत उभं राहिलं. अडलं ते सगळं आजूबाजूचं. पिग्मी एजंटांच्या मशीनमधली फाइल ज्या सर्व्हरवर उतरते त्याचा आयपी पत्ता सॉफ्टवेअरमध्येच कायमचा लिहिलेला होता, त्यामुळे फायली मुख्य सर्व्हरलाच शोधत बसल्या. एका शाखेत पासबुक प्रिंटर चालेना. सगळ्यांत मोठी अडचण आरटीजीएसची. फाइलवर डिजिटल सही करायचं डोंगल वागळे इस्टेटच्या कार्यालयातल्या कपाटात, आणि किल्ली असलेले अधिकारी रजेवर. दुसऱ्या अधिकाऱ्याच्या नावाचं डोंगल होतं, पण त्याची मुदत संपलेली. सर्व्हर हजार किलोमीटरवर सुरू आणि सही ठाण्यातल्या कपाटात बंद!

हे रविवारच्या ड्रिलमध्ये कधीच बाहेर आलं नसतं, कारण रविवारी ना पिग्मी, ना पासबुकाची रांग, ना आरटीजीएसची घाईतली पार्टी समोर उभी.

ताळेबंद

तुम्ही जे केलंत तेच व्यापारी बँकांना आता बंधनकारक आहे. आयटी गव्हर्नन्सचं मास्टर डायरेक्शन ७ नोव्हेंबर २०२३ ला निघालं, १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. महत्त्वाच्या यंत्रणांचं ड्रिल निदान सहा महिन्यांतून एकदा, आणि त्यात डीआरवरून किमान एक पूर्ण कामाचा दिवस चालवून बघायचा, असं त्यात स्पष्ट आहे. ते नागरी सहकारी बँकांसाठी काढलेलं नव्हतं. कसोटी म्हणून वापरायला मात्र कोणाची हरकत नाही. आयटी आउटसोर्सिंगचं एप्रिल २०२३ चं डायरेक्शन टियर ३ आणि ४ च्या बँकांनाही होतं, त्यामुळे व्हेंडरची बाजू तुम्हाला टाळता येणार नाही.

मंडळाला मोठ्या बँकांची उदाहरणं लागतात, तर हे द्या. एचडीएफसी बँकेवर डिसेंबर २०२० मध्ये नवीन डिजिटल सेवा आणि नवीन क्रेडिट कार्डं थांबवण्याचा आदेश आला, त्याच्या आदल्या महिन्यात मुख्य डेटा सेंटरमधली वीज गेल्याने सेवा ठप्प झाल्या होत्या. कोटक महिंद्रावर २४ एप्रिल २०२४ ला ऑनलाइन नवीन ग्राहक घेण्यावर बंदी आली, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये उठली. कोटकच्या आदेशातली कारणं वाचून दाखवा: आयटी मालमत्तेची नोंद, पॅच आणि बदलांचं व्यवस्थापन, कोणाला कोणता ॲक्सेस, व्हेंडरची जोखीम, डेटाची गळती, डीआरचं ड्रिल. ॲपमधले फीचर कमी पडले म्हणून कोणाला रोखलेलं नाही.

कोपरीकर

मी बँकेतली नाही, ग्राहक आहे. तुमची चर्चा वाचून एक लिहावंसं वाटलं.

माझ्या आईच्या खात्यातून परस्पर पैसे गेले. ओटीपी तिने कोणाला दिलेला नव्हता, सिमच दुसऱ्या कोणी काढून घेतलं होतं. त्याच दिवशी शाखेत गेलो, तर काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "आम्ही काही करू शकत नाही, सायबर सेलला जा." लेखी तक्रार घ्यायलाच तयार नव्हत्या. मॅनेजर जेवायला गेलेले. माझ्या भावाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला म्हणून निदान पुढच्या खात्यातली काही रक्कम गोठली. बँकेचं ॲप देखणं आहे हो, मराठीतसुद्धा चालतं. पण त्या दिवशी आम्हाला ॲप नको होतं, तक्रारीवर शिक्का मारून देणारा माणूस हवा होता.

नौपाडाकर

ताई, वाचून फार वाईट वाटलं. शाखेने तक्रार घ्यायलाच हवी होती. सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ चं आहे. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणाची आहे, आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने कळवलं, तर नुकसानाचा भार ग्राहकावर येत नाही. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवरच. म्हणून त्या शिक्क्याला आणि तारखेला इतकं महत्त्व. ईमेल केला असेल तर तोही पुरावा आहे, जपून ठेवा. बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या पोर्टलवर तक्रार करता येते का ते बघा, तुमची बँक त्या योजनेत असेल तर फी लागत नाही.

कोपरीकर

ईमेल त्याच रात्री केला होता. तारखेसकट आहे. खूप धन्यवाद काका, हे कोणीच सांगितलं नव्हतं.

येऊरवाट

कोपरीकर, तुमचा अनुभव नाव-गाव काढून टिपणात घालू का? काउंटरची तयारी हा भाग माझ्या मसुद्यात दोन ओळींचा होता, तो आता मोठा करणार. प्रत्येक शाखेत काचेखाली एक कागद: खातं-कार्ड लगेच ब्लॉक कोण करणार, तक्रारीची पोच कोण देणार, मॅनेजर नसतील तर कोण. आणि वर्षातून एकदा, शाखेला न सांगता, कोणालातरी ग्राहक म्हणून पाठवून बघायचं.

कोपरीकर

जरूर घाला.

पतसंस्था_कळवा

आमच्यासारख्यांचं काय? आमची पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत, रिझर्व्ह बँकेच्या नाही. ठेवीला पाच लाखांचं विमा संरक्षणही नाही, ते बँकांना. पण सभासदांना बँकेसारखंच सगळं हवं असतं. सॉफ्टवेअरवाला म्हणतो ॲप देतो, महिन्याला इतके द्या. घ्यावं का?

ताळेबंद

साहेब, आधी त्याला विचारा की डेटा कुठे ठेवतो, तुमच्या संस्थेचा बॅकअप तुमच्या ताब्यात देणार का, आणि त्याच्याकडचा कोण माणूस तुमच्या डेटाबेसमध्ये थेट शिरू शकतो. तिन्हींची लेखी उत्तरं मिळाली तर पुढचं बोला. बॅलन्स दाखवणारं ॲप चालेल, पैसे हलवणारं इतक्यात नको. विमा नाही, वरून तपासणारा नियामक तितका कडक नाही, म्हणजे तुमची काळजी जास्त हवी.

ट्रान्सहार्बर

एआयबद्दल कोणीच बोललं नाही. संचालक तेच विचारणार.

येऊरवाट

विचारणारच. रिझर्व्ह बँकेने आयआयटी मुंबईच्या डॉ. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, तिचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. त्यातल्या पाहणीत ६१२ संस्थांपैकी जेमतेम एक पंचमांश कुठल्या तरी स्वरूपात एआय वापरत किंवा बनवत होत्या. तेव्हा आपण फार मागे पडलो म्हणून घाबरायचं कारण नाही. एक उपयोग मला आजही पटतो, म्यूल खाती, म्हणजे चोरीचा पैसा फिरवायला वापरलेली खाती, ओळखणं. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने त्यासाठी म्यूलहंटर बनवलं आहे. कर्ज नाकारण्याचं काम मात्र मी एआयवर सोडणार नाही. कळव्याच्या रिक्षावाल्याला 'तुमचं कर्ज का नाकारलं' याचं कारण शाखेतल्या माणसाला त्याच्या भाषेत सांगता यायला हवं. जे सांगता येत नाही ते वापरायचं नाही, असं टिपणात स्पष्ट लिहितो आहे.

नौपाडाकर

शाबास. आणि आणखी एक सुचवतो. शंभर कोटींच्या वर ठेवी असलेल्या बँकांना संचालक मंडळाच्या जोडीला बोर्ड ऑफ मॅनेजमेंट (जाणकारांचं व्यवस्थापन मंडळ) नेमायचं असतं, तिथे आयटी जाणणारा माणूस घ्यायची सोय आहे. निवडून आलेल्या संचालकांना सगळं कळावं ही अपेक्षा रास्त नाही, पण प्रश्न विचारणारा एक तरी जाणता त्या टेबलावर हवा. तुमच्याकडे आहे का?

येऊरवाट

सीए आहेत, वकील आहेत. आयटीचा नाही. हा मुद्दा टिपणाच्या पहिल्या पानावर नेतो.

रातपाळी

जाता जाता: कोअर बँकिंगच्या व्हेंडरबरोबरचा करार काढून बघा. उद्या तो बदलायचा ठरला, किंवा तोच बुडाला, तर डेटा कोणत्या फॉरमॅटमध्ये, किती दिवसांत, किती पैशांत परत मिळणार, हे कलम आहे का? आमच्याकडे एका बँकेचं स्थलांतर ह्याच कारणाने रखडलं होतं. व्हेंडर म्हणे टेबलांचा आराखडा आमच्या मालकीचा.

सीईआरटी-इनला (सायबर हल्ल्यांची दखल घेणारी केंद्र सरकारची यंत्रणा) घटना कळवायची मुदतही लक्षात घ्या, लक्षात आल्यापासून ६ तास. रात्री दोनला लक्षात आलं तर फॉर्म कोण भरणार, त्याचं नाव आणि मोबाइल आम्हाला अजून अर्ध्या बँकांनी दिलेला नाही.

येऊरवाट

करार आजच काढून वाचला. 'करार संपल्यावर सहकार्य करू' एवढं एकच वाक्य आहे, फॉरमॅट नाही, मुदत नाही, दर नाही. सोमवारी व्हेंडरला पत्र जातं आहे, पुरवणी करारासाठी. रात्रीच्या फॉर्मसाठी दोन नावं ठरवून तुमच्यासारख्या पाळीवाल्यांना कळवतो. मसुदा पुरा झाला की बँकेचं नाव वगळून इथे टाकतो, ताळेबंद मॅडम, स्तरांचा भाग तुम्ही एकदा नजरेखालून घाला.

ताळेबंद

टाका. शनिवारपर्यंत मिळाला तर रविवारी वाचून देते.